वाहनदुरुस्ती कार्यशाळेसाठी बॅटरी चार्जर व टेस्टर : निवडीचे निकष

प्रस्तावना

गाडी सुरू होत नाही या तक्रारीवर पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो आणि पुष्कळदा नवी बॅटरी बसवून प्रश्न मिटवला जातो. मात्र उतरलेली बॅटरी आणि निकामी झालेली बॅटरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. उभ्या गाडीत ५० मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपत राहिला, तर दिवसाला १.२ आणि वीस दिवसांत २४ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची निर्दोष बॅटरीही अशा वेळी स्टार्टर फिरवू शकत नाही. ती बदलल्यास मालकाचे पैसे वाया जातात आणि पुढील महिन्यात नवी बॅटरीही तशीच उतरते. हा भेद करता येणे, हाच चार्जर व टेस्टर यांच्या निवडीचा मुख्य निकष होय. दुचाकी, मोटार, टेम्पो व ट्रॅक्टर एकाच छपराखाली दुरुस्त करणाऱ्या महाराष्ट्रातील लहान कार्यशाळा डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या निकषांचे विवेचन केले आहे.

टेस्टरची निवड

खरेदीच्या यादीत चार्जर प्रथम आणि टेस्टर उरलेल्या रकमेतून, असा क्रम सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो उलट असावयास हवा, कारण कोणती बॅटरी चार्ज करण्याजोगी आहे हे टेस्टरच सांगतो.

सर्वांत स्वस्त व आजही उपयुक्त साधन म्हणजे हायड्रोमीटर. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत सहाही सेलमधील ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व त्याने स्वतंत्रपणे मोजता येते. एका सेलचे वाचन इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर दोष त्या सेलमध्ये आहे असे समजावे. पूर्ण चार्ज बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व निर्मात्यानुसार साधारण १.२४० ते १.२८० असते, म्हणून निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. सीलबंद बॅटरीपुढे मात्र हे साधन निरुपयोगी ठरते.

लोड टेस्टर बॅटरीतून प्रत्यक्ष मोठा प्रवाह ओढतो. कोल्ड क्रँकिंग क्षमतेच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेतला असता २१ अंश सेल्सिअसला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, असा या चाचणीचा नियम आहे. बॅटरी आधी चार्ज असणे ही तिची पूर्वअट होय. बाजारातील स्वस्त लोड टेस्टरमध्ये भार ठरावीक असतो. १०० अँपिअरचा असा भार दुचाकीच्या बॅटरीला अतिरेकी, तर ट्रकच्या बॅटरीला किरकोळ ठरतो. तेव्हा भार बदलता येत नसेल, तर संमिश्र कामाच्या कार्यशाळेने हे उपकरण घेऊ नये.

कंडक्टन्स टेस्टर बॅटरीत अल्प प्रत्यावर्ती संकेत सोडून तिची विद्युतवाहकता मोजतो. कीथ चॅम्पलिन यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९७५ मध्ये मिळाले. चाचणी काही सेकंदांत होते, ठिणगी पडत नाही, अर्धवट उतरलेली बॅटरीही तपासता येते. परंतु हा टेस्टर बॅटरीची कोल्ड क्रँकिंग क्षमता आणि ती कोणत्या मानकानुसार आहे हे विचारतो. मानकांच्या कसोट्या निरनिराळ्या आहेत : उणे १८ अंशांना एसएई मानक ३० सेकंदांनंतर ७.२ व्होल्टची, तर युरोपीय मानक १० सेकंदांनंतर ७.५ व्होल्टची अपेक्षा ठेवते. (नागपूर वा जळगावच्या गाडीला असल्या थंडीशी कर्तव्य नाही; हा आकडा येथे केवळ तुलनेचा मापदंड आहे.) भारतातील अनेक बॅटऱ्यांवर फक्त अँपिअर-तास छापलेले असतात. मग कारागीर अंदाजाने आकडा भरतो आणि पडद्यावर 'बॅटरी बदला' असा निर्णय उमटतो. अँपिअर-तासांना ठरावीक अंकाने गुणण्याची युक्तीही फसवी आहे, कारण प्लेटांची जाडी व रचना बॅटरीगणिक वेगळी असते. त्यापेक्षा निर्मात्याचे माहितीपत्रक मिळवावे आणि नवी बॅटरी बसवताना तिचे वाचन तारखेसह नोंदवहीत लिहावे. दोन वर्षांनी तीच बॅटरी परत आली की तिची तुलना तिच्याशीच करता येते. उपाय जवळजवळ फुकटचा आहे. बहुधा म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

छापील अहवाल देणारा टेस्टर थोडा महाग पडला तरी घ्यावा. जुनी बॅटरी जमा करून नवी विकणाऱ्याचा दोन्हींत लाभ असतो, त्यामुळे ग्राहकाच्या हाती कागद असणे न्याय्य होय.

चार्जरची निवड

'जितके अँपिअर अधिक तितका चार्जर चांगला' हा समज कार्यशाळांत आहे आणि महाविद्यालयांच्या निविदांतही तो डोकावतो. शिसे-आम्ल बॅटरी तिच्या अँपिअर-तासांच्या सुमारे एक दशांश प्रवाहाने चार्ज करावी, हा रूढ नियम आहे. ट्रकच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १५ अँपिअर, तर दुचाकीच्या ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर लागतो. एकच उपकरण हे अंतर क्वचितच सांभाळते. म्हणून एका मोठ्या चार्जरऐवजी एक मोठा व एक लहान असे दोन घेणे श्रेयस्कर.

जुन्या ट्रान्सफॉर्मर चार्जरवर बॅटऱ्या एकसर जोडणीत ओळीने लावल्या जातात. या जोडणीत सर्वांतून सारखाच प्रवाह वाहतो. ८ अँपिअर ठेवले तर ८० अँपिअर-तासांची बॅटरी योग्य गतीने भरते, पण शेजारची ३५ अँपिअर-तासांची लवकर भरून तापते व उकळू लागते. व्होल्टेजला मर्यादा नसेल तर ते अखेरीस १६ च्याही वर जाते. उघड्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालता येते. सीलबंद एजीएम बॅटरीतून गेलेले पाणी परत येत नाही. स्टार्ट-स्टॉप गाड्यांबरोबर अशा बॅटऱ्या आता लहान गावांतही पोहोचल्या आहेत. त्यामुळे प्रवाह व व्होल्टेज टप्प्याटप्प्याने नियंत्रित करणारा आणि बॅटरीचा प्रकार निवडू देणारा चार्जर आवश्यक झाला आहे. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही पाहावी. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतील, तर विदर्भातील मे महिन्यात ४५ अंशांना सुमारे १४ व्होल्ट पुरतात.

स्मार्ट चार्जरची एक मर्यादा खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी. पूर्ण उतरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज फार खाली गेले की काही चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि चांगली बॅटरी पुन्हा भंगारात जाते. मंद प्रवाहाने सुरुवात करण्याची सोय असलेला चार्जर येथे उपयोगी पडतो. गाडीच्या कंट्रोल युनिटचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कार्यशाळेला यापलीकडे स्थिर व्होल्टेजचा वीजपुरवठा लागतो. मधेच व्होल्टेज घसरल्यास युनिट निकामी होऊ शकते. विद्युत वाहनांबाबत हा सर्व विचार केवळ १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीपुरता आहे.

वापराचा क्रम

उपकरणे उत्तम असूनही क्रम चुकल्यास निष्कर्ष चुकतो. प्रथम स्थिर व्होल्टेज पाहावे. १२.६ च्या आसपास असल्यास चाचणी घ्यावी, १२.४ च्या खाली असल्यास आधी चार्ज करून, काही तास विश्रांती देऊन मगच निर्णय द्यावा. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज फसवे असते. बॅटरी निर्दोष ठरली तर ती का उतरली, याचा शोध ऑल्टरनेटर व झिरपणारा प्रवाह तपासून घ्यावा. ती खरोखर निकामी असेल, तर २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अधिकृत संकलनाकडे सोपवावी.

चार्जिंगची जागा हवेशीर आणि वेल्डिंग व ग्राइंडरपासून दूर हवी. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून चार्जर बंद केल्यावरच चिमटे काढावेत आणि डोळ्यांवर चश्मा असावा. चिमटे उलटे लागल्यास प्रवाह सुरूच न करणारा चार्जर निवडल्यास नवशिक्या कारागिराच्या हातून होणारा एक मोठा अपघात टळतो.