जॅझ पियानो-त्रिकूट व नाताळसंगीत

पियानो, डबल बास आणि ड्रम या तीन वाद्यांचा जॅझमधील लघुवाद्यमेळ म्हणजे पियानो-त्रिकूट. नॅट किंग कोल (१९१९–६५) याच्या त्रिकूटात ड्रमऐवजी गिटार होती. पुढे ड्रमयुक्त रचना रूढ झाली. पियानो मुख्य स्वरावली मांडतो, बास स्वरसंवादाचा पाया धरतो व ड्रम लयीला उठाव देतात. वाद्ये मोजकी असल्याने प्रत्येकाचे बारीक काम स्पष्ट ऐकू येते. बिल एव्हान्स (१९२९–८०) याच्या त्रिकूटाच्या न्यूयॉर्क येथील १९६१ च्या ध्वनिमुद्रणांत बास केवळ साथ न करता पियानोशी बरोबरीने संवाद साधतो.

नाताळगीतांच्या चाली श्रोत्यांना बालपणापासून परिचित असतात. त्यामुळे वादकाने मूळ चालीपासून कितीही दूर जाऊन उत्स्फूर्त विस्तार केला, तरी श्रोत्याचा धागा तुटत नाही. या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय ध्वनिमुद्रिका म्हणजे सॅन फ्रॅन्सिस्कोचा पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डी (१९२८–७६) याची ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ (१९६५) ही होय. चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्‌स’ या हास्यचित्रमालिकेवर आधारित दूरचित्रवाणी-व्यंगचित्रपटासाठी हे संगीत योजलेले होते. मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ मानवेल की नाही, याविषयी प्रसारणसंस्थेचे अधिकारी साशंक होते. तथापि ९ डिसेंबर १९६५ रोजीच्या प्रसारणानंतर तो अत्यंत लोकप्रिय झाला.

या संगीताच्या चिरंतन आकर्षणाचे रहस्य त्याच्या संयमात आहे. सणाचे संगीत बहुधा उत्साहाचे व गजबजलेले असते. उलट ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ ही संथ, तीन मात्रांच्या लयीतील रचना आहे. तिचे शब्द आनंदाचे असले, तरी आरंभीच मूळ स्वरसप्तकाबाहेरील स्वर येऊन तिला हुरहुर लावणारी छटा प्राप्त होते. बालगायकांचे काहीसे अनघड स्वरही तसेच राहू दिले आहेत. सणाच्या दिवसांत दुरावलेल्या माणसांची आणि सरलेल्या काळाची आठवण अनेकांना अधिक तीव्रतेने होते. तिला या संगीतात जागा मिळते. दरवर्षी ठरावीक काळीच ते पुन्हा ऐकले जात असल्याने प्रत्येक श्रवणात मागील वर्षांच्या स्मृतींची भर पडत जाते. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत २०१२ मध्ये या ध्वनिमुद्रिकेचा समावेश केला.