पाप, कृपा आणि पदार्थविज्ञान

भूकंप झाला, पूर आला, अवर्षण पडले, की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हटकून निघते : पृथ्वीला पापाचा भार सहन झाला नाही. हे वाक्य आम्ही लहानपणी आजीकडून ऐकले, पुढे कीर्तनांतून ऐकले, आणि दुर्दैवाने एकदा आम्ही स्वतःही उच्चारले. तो प्रसंग सांगितल्यावाचून ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. म्हणून प्रथम तोच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. गणेशविसर्जन आटोपून मंडळी निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा नांदेडास शिकवीत होतो. त्या दिवाळीनंतर संस्कृतच्या तासाला, धरणीमाता भारमुक्त होण्यासाठी देवाची प्रार्थना करते ही पुराणांतील कथा निघाली, आणि ओघात आम्ही बोलून गेलो की किल्लारीस असेच झाले. पापाचा भार वाढला. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो आमच्याकडे नवाच दाखल झाला होता. कोठून आला, हे विचारण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. तो म्हणाला, “गुरुजी, माझी बहीण चार वर्षांची होती. तिचं पाप कोणतं होतं?”

आम्ही गप्प बसलो असतो तरी निभावले असते. परंतु आम्ही उत्तर दिले! पूर्वजन्मीचे संचित, असे काहीसे सांगितले. मुलगा खाली बसला. पुढचा श्लोक आम्ही कसा शिकविला हे आम्हांस आठवत नाही.

ह्या प्रमादात आम्हांस मोठी सोबत आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रलयंकर भूकंप झाला, तेव्हा खुद्द महात्माजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे असे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर हरकत घेतली. भौतिक उत्पाताचे कारण भौतिक घटनांतच असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महात्माजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापला, मात्र स्वतःचे मत सोडले नाही. ह्या वादात आम्ही, पुष्कळ उशिराने का होईना, टागोरांच्या बाजूचे आहोत. किल्लारीची माणसे कशाने मेली? दगडमातीच्या जाडजूड भिंतींनी आणि माळवदाच्या मणामणांच्या मातीने. उन्हाळ्यात जे छप्पर गारवा देते तेच निजलेल्यांच्या अंगावर आले. ह्यात चार वर्षांच्या मुलीचा हिशेब कोठे आला?

तर मग पदार्थविज्ञान एकीकडे आणि पापपुण्य दुसरीकडे, असे म्हणून हात झटकावेत काय? तसेही आम्हांस वाटत नाही. कारण आणि दृष्टान्त ह्यांत भेद आहे, एवढेच ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनी पदार्थांच्या गतीचे दृष्टान्त अध्यात्मात मुक्तहस्ताने वापरले आहेत. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचे शरीर का टिकते, ह्या प्रश्नावर आचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाचा दाखला दिला आहे, आणि सांख्यकारिकेतही तेच चाक फिरते आहे. कुंभाराने काठी काढून घेतली तरी चाक आधीच्या वेगाने फिरत राहते. हा न्यूटनचा पहिला नियम नव्हे. पण त्याचा शेजारी खास आहे.

त्याहून मौजेची गोष्ट तर्कसंग्रहात आहे. ज्यांनी तो पाठ केला असेल त्यांना स्मरत असेल की अन्नंभट्टांनी संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. फेकलेल्या दगडास पुढे नेतो तो वेग; अनुभवापासून आत्म्यात उरतो आणि स्मृती उत्पन्न करतो ती भावना; आणि वाकविलेल्या वस्तूस पूर्वस्थितीवर आणतो तो स्थितिस्थापक. (वेताची छडी वाकवून सोडल्यास पुन्हा सरळ होते, हे आमच्या पिढीतील विद्यार्थ्यांस निराळे शिकवावे लागत नसे.) दगडाचा वेग आणि मनाची सवय ह्या दोहोंस एकाच नावाखाली घालणाऱ्या त्या पंडितांना काहीतरी दिसले होते खास. आणि हा स्थितिस्थापक कोठे राहतो? चटईसारख्या पार्थिव वस्तूंत, म्हणजे पृथ्वीत.

आता आधुनिक भूकंपशास्त्र काय सांगते ते पाहा. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाल्यावर रीड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला की भेगेच्या दोन्ही अंगांचे खडक विरुद्ध दिशांनी रेटले जाऊन वर्षानुवर्षे हळूहळू वाकत असतात. घर्षणामुळे ते एकमेकांस धरून राहतात. आणि ताण घर्षणाच्या आवाक्याबाहेर गेला की क्षणात सरकून स्वतःची मूळ ठेवण घेऊ पाहतात. त्या उसळीलाच आपण भूकंप म्हणतो. आपला भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून हिमालयास रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा दाब दक्षिणेतील खडकांतही साचतो. दख्खनचे पठार अचल, असा सर्वांचा भरवसा होता. किल्लारीने तो मोडला.

हा ताण माणसात साचतो तेव्हा तो कसा दिसतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस सांगणे नको. विधवा आत्याचे दागिने ‘सांभाळण्यासाठी’ थोरल्या भावाच्या पेटीत ठेवलेले असतात. पहिल्या वर्षी ते परत करणे सोपे असते, दुसऱ्या वर्षी थोडे अवघड होते, दहाव्या वर्षी त्यांचा उल्लेखच घरात वर्ज्य होतो. बाहेरून घर अभंग दिसते, कारण अब्रूचे घर्षण भिंतींस भिंती धरून ठेवते. मग वाटणीच्या दिवशी एका तांब्याच्या घंगाळावरून भाऊ भावाच्या अंगावर धावून जातो, आणि शेजारी म्हणतात, काय हो, घंगाळासाठी इतके! घंगाळाचा त्यात काही दोष नसतो.

दृष्टान्ताची मर्यादाही येथेच आहे. खडकास आपल्यातील ताण कळत नाही, आणि मोडण्यावाचून तो उतरविण्याचा दुसरा मार्गही त्यास ठाऊक नाही. माणसास दोन्ही आहेत. आत्यापुढे पेटी उघडून ठेवता येते. म्हणूनच हा दृष्टान्त प्रत्येकाने आपल्या पेटीपुरता वापरावा. दुसऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहून तो सांगू नये, असे आमचे आता मत झाले आहे.

राहिली कृपा. सिमोन वेल नावाची एक फ्रेंच विदुषी होऊन गेली. ती संस्कृत शिकून गीता मुळातून वाचीत असे. १९४३ साली ती वारली, आणि १९४७ साली तिची टिपणे गुरुत्वाकर्षण आणि कृपा अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. मनाच्या स्वाभाविक हालचाली वजनासारख्या खालीच जातात, त्यांस अपवाद काय तो कृपेचा, असे तिचे म्हणणे. आम्हांस ह्याचा प्रत्यय पुस्तकात आला नाही, लातुरात आला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. आपल्या विहिरीत नसलेले पाणी कितीही खोल पोहरा सोडला तरी येत नाही, आणि दूरची कृष्णा काही आपण होऊन पठार चढून येणार नाही. अशा वेळी ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातुरास पोहोचली; १० टाक्यांत ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली. गाडीने गुरुत्वाचा नियम मोडला नाही. बाहेरची शक्ती खर्चून तिने ते पाणी वर आणले. कृपेने कर्माचा नियम मोडतो का, ह्या जुन्या वादात आम्हांस ही गाडी पुष्कळ उपयोगी पडते. मात्र ते पाणी ओतून घ्यावयास स्टेशनाजवळ एक विहीर आधी सिद्ध ठेवावी लागली होती, हेही खरे.

आणि विहीर सिद्ध करणाऱ्यास बहुधा काहीच घडताना दिसत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेते, परंतु तापमापकाचा पारा शून्यावरून हालत नाही. आम्ही शिकलो तेव्हा हिला गुप्त उष्णता म्हणत. आताच्या पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात, आणि आम्हांस जुनेच नाव गोड वाटते. नित्य संध्या करूनही राग तसाच येतो अशी तक्रार करणाऱ्यांस आम्ही हा पारा दाखवितो. त्यांचे समाधान होते असे नाही.

त्याच २०१६ च्या एप्रिलअखेर तो विद्यार्थी काही कामानिमित्त नांदेडास आला होता, तो आमच्या घरी डोकावला. आता लातुरास असतो, दोन मुलांचा बाप झाला आहे. पाण्याचा पेला हाती घेऊन त्याने अर्धे पाणी दुसऱ्या पेल्यात ओतले, हवे तेवढेच ठेविले. तिकडे आता ही सवयच लागली आहे म्हणाला. आम्ही तेवीस वर्षे मनात धरलेली गोष्ट काढली. त्या दिवशीचे आमचे उत्तर चुकीचे होते, त्याबद्दल क्षमा कर, असे स्पष्ट म्हटले. आमची पत्नी दारात उभी होती. तो थोडा वेळ पेल्याकडे पाहत राहिला.

“मी ते कवाच सोडलं, गुरुजी,” तो म्हणाला, “तुम्हीच धरून बसलाव.”

मग त्याने उरलेले पाणी तुळशीला घालू का म्हणून विचारले, आणि घालून निघाला.