दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेलें पाप

दुसऱ्याचें देणें आपल्या नांवें लिहून घेणें म्हणजे काय, हें खतावणी ठेवणाऱ्या गृहस्थास शिकवावें लागत नाहीं. ख्रिस्ती शास्त्रांत असा एक व्यवहार लिहून ठेवलेला आहे. पौलानें बंदिवासांतून फिलेमोन नांवाच्या मित्रास एक लहानसें पत्र पाठविलें. फिलेमोनापासून दूर झालेला त्याचा दास अनेसिम यास पौल परत धाडीत होता. या दासाकडून कांहीं नुकसान झालें असेल अथवा देणें राहिलें असेल, तर तें आपल्या हिशेबीं मांडावें, आपण फेडूं, असें पौल तेथें स्वहस्तें लिहून देतो. जामीन आपण होऊन पुढें आला व त्यानें रक्कम खुषीनें पत्करली. या व्यवहारांत खोट काढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें मांडण्याविषयीं जें ग्रीक क्रियापद आलें आहे तें नव्या करारांत अवघें दोनदां येतें. दुसरें स्थळ रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आहे, आणि तेथील आशय असा कीं, जेथें नियमशास्त्र नाहीं तेथें पाप हिशेबांत धरलें जात नाहीं. त्याच पत्राच्या चवथ्या अध्यायांत याच कुळींतलें दुसरें क्रियापद अकरा वेळां येतें. अब्राहामाचा विश्वास त्याच्या खातीं नीतिमत्त्व म्हणून जमा झाला, हा तेथील विषय. या जमाखर्ची भाषेवर पुढील पंडितांनीं जी इमारत उभारली तिला आरोपणाचा सिद्धांत म्हणतात. तिचे मजले तीन: आदामाचें पाप सर्व मनुष्यजातीच्या नांवें, मनुष्यांचें पाप ख्रिस्ताच्या नांवें, आणि ख्रिस्ताचें नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या खातीं जमा. वरच्या मजल्यांवरून ल्यूथरचे अनुयायी व रोमचे आचार्य यांचें जुंपलें. नीतिमत्त्व केवळ खातीं मांडलें जात नाहीं, तें अंतःकरणांत खरोखर ओतलें जातें, असें ट्रेंटच्या सभेनें १५४७ सालीं ठरविलें. तो वाद त्यांचा त्यांनीं पाहावा. आमची हरकत तळमजल्यास आहे.

हिप्पोचा बिशप आगस्तीन (३५४–४३०) यानें हा मजला पक्का केला. मूळ ग्रीक वचनाचा सरळ अर्थ, सर्वांनीं पाप केल्यामुळें मरण सर्वांपर्यंत पोंचलें, असा होतो; आगस्तीनापुढील लॅटिन भाषांतरांत, आदामाच्या ठायीं सर्वांनीं पाप केलें, असा अर्थ निघत असे. सगळा सिद्धांत या एका शब्दावर उभा नव्हता हें खरें, पण त्यास टेकू मोठा मिळाला. मग बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या तान्ह्या मुलाचें काय? आगस्तीनानें आपलें तर्कशास्त्र मध्येंच सोडलें नाहीं: शिक्षा अत्यंत सौम्य, पण शिक्षाच. उलट बोलणाऱ्या पेलागिउसाचें मत ४१८ सालीं कार्थेजच्या सभेनें धिक्कारलें. पुढच्या आचार्यांनीं अशा बालकांसाठीं लिंबो नांवाची दुःखरहित, परंतु ईश्वरदर्शनासहि मुकलेली जागा कल्पिली. आयर्लंडांत अशीं मुलें पवित्र भूमींत पुरूं देत नसत. बाप बहुधा सूर्यास्तानंतर तें लहानसें प्रेत घेऊन शेताच्या कडेला किंवा एखाद्या ओसाड जागीं जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हें चाललें होतें.

हा आक्षेप कोणा परधर्मीयाचाच आहे असें वाचकांनीं समजूं नये. फाउस्तो सोचीनो या इटालियन विचारवंतानें १५९४ सालीं छापलेल्या ग्रंथांत स्पष्ट विचारिलें कीं, पैशाचें देणें दुसरा फेडूं शकतो, पण अपराधाची शिक्षा दुसऱ्यास कशी लागू पडेल? फ्रान्सांतील सोम्यूरचा अध्यापक ला प्लास यानें, मनुष्याच्या अंगीं उतरलेला विकार हाच त्याचा दोष, असें मत मांडिलें. १६४४-४५ च्या शारांतों येथील सभेस तें पटलें नाहीं. सिद्धांताच्या कैवाऱ्यांचें उत्तर असें कीं, आदाम हा मनुष्यजातीचा मुखत्यार होता, आणि मुखत्याराची सही धन्यास बांधते. आमचे पेढीवाले वाचक लगेच विचारतील, मुखत्यारपत्र कोणीं लिहून दिलें? यावर कैवारी म्हणतात कीं, आदामास मुखत्यार मानीत नसाल तर ख्रिस्तासहि मानतां येणार नाहीं, कारण दोन्ही व्यवहार एकाच धर्तीचे आहेत. हा पेंच खरा आहे व तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तथापि ख्रिस्ताच्या बाजूस विश्वास, म्हणजे मनुष्याची संमति, मागितलेली आहे. आदामाच्या बाजूस पाळण्यांतल्या बालकास कोणी कांहीं विचारलें नाहीं. जमेस संमति लागते आणि नांवें टाकण्यास लागत नाहीं, अशी वही कोणत्या बाजारांत चालेल?

आपल्याकडेहि हा प्रश्न येऊन गेला आहे. बापाचें ऋण पुत्रानें फेडावें, नाहीं तर बापास परलोकीं गति नाहीं, असें आमचें धर्मशास्त्र सांगे. मात्र जुगार व मद्य यांपायीं केलेलें ऋण शास्त्रकारांनींच वगळलें होतें. मुंबई इलाख्यांत १८६६ च्या कायद्यानें ही जबाबदारी वारशानें हातीं आलेल्या मालमत्तेपुरती ठेविली, आणि २००५ च्या दुरुस्तीनें, केवळ पुत्राचें धर्मकर्तव्य म्हणून अशा नव्या ऋणासाठीं त्यास कोर्टांत खेंचण्याची वाट बंद झाली. इतकें सांगून आम्हीं मिशा पिळण्याचें मात्र कारण नाहीं. आईबापांवरून तान्ह्या मुलाच्या नांवें विटाळ मांडणारे आम्हीच. १९५० सालीं राज्यघटना अमलांत येऊन अस्पृश्यता कायद्यानें नष्ट झाली, तरी ती जुनी बाकी आमच्यांतील कित्येकांनीं मनांतून अजून खोडलेली नाहीं.

रोमच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरशास्त्र मंडळानें पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें २००७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लिंबो हें श्रद्धेचें बंधनकारक तत्त्व नव्हे, आणि बाप्तिस्म्यावांचून गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणें आहेत, असें त्यांत म्हटलें आहे. आशा धरावी एवढेंच. खात्री दिलेली नाहीं. आम्हांस हेंहि थोडें वाटत नाहीं. परंतु ज्या बापांनीं काळोखांत शेताच्या कडेला खड्डे खणले, त्यांच्यापैकीं बहुतेकांस हें ऐकावयास मिळालें नाहीं.