सामना सगळ्यांना दिसावा, आपण कुणाला दिसू नये

तालुक्याच्या गावातल्या ‘बार अँड रेस्टॉरंट’ची पाटी लांबून दिसते, आत शिरायचं दार मात्र बहुधा बाजूच्या बोळात असतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरून कुणी पाहू नये, म्हणून केलेली ही सोय. आत अर्ध्या उंचीचे प्लायवूडचे आडोसे, केबिनला पडदे, मिणमिणते लाल-निळे दिवे. चौघे मित्र बसायला आले तर शेजारी कोण बसलंय हे त्यांना कळू नये आणि शेजाऱ्यालाही यांचा पत्ता लागू नये, या हिशेबाने सगळी मांडणी. अशा जागेत समोरच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही लागला आणि दाराशी ‘लाइव्ह आयपीएल’चा फ्लेक्स आला की मालकापुढे नवाच पेच उभा राहतो. सामना सगळ्यांना दिसायला हवा, आणि बघणारे एकमेकांना दिसता कामा नयेत.

अमेरिकेतला स्पोर्ट्स बार नेमक्या उलट विचाराने मांडलेला असतो. भरपूर उजेड, चारही भिंतींवर टीव्ही, संघाचे टी-शर्ट घालून आलेली माणसं, गुण मिळाला की अनोळखी माणसालाही दिलेली टाळी. आपल्याकडची पिण्याची जागा बंदीच्या पोटी जन्मली. राज्यातला दारूबाबतचा मूळ कायदा आजही १९४९चा दारूबंदीचाच कायदा आहे. त्यात पिणं हा अपवाद आणि त्यासाठी परवाना. परमिट रूम आली ती तिथून. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आजीवन हजार रुपयांचा. हा कागद गिऱ्हाइकाच्या हाती क्वचितच पडतो. वयाचीही अट आहे : बिअरला २१, कडक दारूला २५. म्हणजे मतदान केलेला, लग्न झालेला, पोराला अंगणवाडीत सोडून आलेला चोवीस वर्षांचा गडी कायद्याने बिअरवरच थांबायला हवा. आधार कार्ड मागणारा वेटर मी तरी अजून पाहिलेला नाही.

आयपीएल २००८मध्ये सुरू झाली आणि संध्याकाळचे सामने बारमालकांना सोयीचेच पडले. एरवीही टेबलं भरायला लागतात ती त्याच सुमाराला. पण टीव्हीचा उजेड ही भानगड आडोसे घालणाऱ्या सुताराच्या हिशेबात नव्हती. आमच्याकडच्या एका बारमध्ये (नाव नको, मालक ओळखीतले आहेत) मध्येच साबणाची पांढरीशुभ्र जाहिरात लागली आणि हॉलभर दुपार झाल्यासारखं लख्ख झालं. हायस्कूलचे एक सर आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी समोरासमोर. पोरांनी ग्लास खाली मांडीशी घेतले. सरांनी नजर पडद्यावर रोखली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “थर्ड मॅन आत घेतलाय, आता तिथूनच चौकार जाणार.” पोरांनीही पडद्याकडेच बघत मान डोलावली. नमस्कार नाही, ‘काय सर, इकडे कुठे’ नाही. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर तीच पोरं सरांच्या पाया पडली असती तरी कालचा विषय निघाला नसता. आतली ओळख बाहेर आणायची नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नाही आणि सहसा कुणी मोडतही नाही.

मॅचच्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकाची ठरलेली तक्रार म्हणजे ऑर्डर वेळेवर येत नाही. दोष वेटरच्या माथी मारला जातो, पण खरं कारण सामन्याच्या घड्याळात आहे. टी-ट्वेंटीचा सामना साडेतीन-चार तास चालतो. पहिल्या सहा षटकांत सगळे बूड टेकवून पडद्याला चिकटलेले. कुणी काही मागवत नाही. मग अडीच मिनिटांचा टाइमआउट लागतो आणि सगळ्या टेबलांना एकदम भूक लागते. डाव संपला की तर विचारूच नका. आत स्वयंपाकघरात एक तंदूर, चायनीजची एक शेगडी, हाताखाली एक पोरगा. बारा टेबलांच्या चिकन चिल्ली आणि मसाला पापडच्या चिठ्ठ्या एका खिळ्यात अडकवलेल्या. त्यांतली शेवटची प्लेट बाहेर येईपर्यंत दुसऱ्या डावाचं चौथं षटक सुरू झालेलं असतं आणि गिऱ्हाइकाचा पारा चढलेला. शेवटच्या पाच षटकांत पुन्हा सगळं ठप्प : मागणी नाही, बिल नाही, लघवीलाही कुणी उठत नाही. सामना संपताच सगळ्यांना बिल हवं असतं, तेही आत्ता. मालकाला गर्दी दिसते, पण एरवी रात्री दोनदा फिरणारं टेबल त्या दिवशी एकदाच फिरतं. म्हणून काही ठिकाणी मॅचच्या दिवशी फुकटच्या चखण्याची वाटी लहान होते. शेंगदाणे कमी, मुरमुरे जास्त. गिऱ्हाइकाच्या हे पहिल्या मुठीतच लक्षात येतं.

बिलावरून होणारी वादावादी हा स्वतंत्र अध्याय आहे. ‘जेवणावर एक टॅक्स, दारूवर दुसरा, लुटताय काय?’ हे वाक्य प्रत्येक काउंटरने ऐकलेलं आहे. लूट म्हणा किंवा काही, ती बारवाल्याची नव्हे. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. हजार रुपयांच्या जेवणावर पाच टक्क्यांनी पन्नास रुपये जीएसटी लागतो. हजाराच्या दारूवर लागतो राज्याचा व्हॅट. परमिट रूममध्ये तो पाच टक्के होता, नोव्हेंबर २०२३पासून दहा झाला, म्हणजे शंभर रुपये. जुलै २०२५मध्ये राज्यातल्या बारवाल्यांनी एक दिवस बार बंद ठेवले, त्यामागच्या कारणांत हा व्हॅटही होता. पाण्याच्या बाटलीचं भांडणही गिऱ्हाईक बहुधा हरतं. हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलं आहे. सेवा शुल्काचं मात्र उलट आहे : ते न विचारता बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तालुक्याच्या गावात सेवा शुल्काची भानगड मुळातच कमी. वेटरचे पैसे बडीशेपेच्या वाटीखाली ठेवले जातात, आणि संघ जिंकला असेल तर जरा सढळ हाताने.

जाणकार गिऱ्हाईक सुटा पेग मागवत नाही. क्वार्टर मागवतं आणि म्हणतं, “सील समोर फोड.” एकशे ऐंशी मिलिलिटर, त्यात साठचे तीन पेग, हिशेब डोळ्यांसमोर. सुट्यात माप कमी भरलं की काय, पाणी घातलं की काय, ही शंका घोटाघोटाला छळत राहते आणि मॅचकडे लक्ष लागत नाही. चांगला वेटर हे ओळखून असतो. तो बाटली आणि स्टीलचं माप टेबलावरच आणतो, माप काठोकाठ भरतो, वरचे चार थेंब मुद्दाम सांडू देतो. हे चार थेंब मालकाला परवडतात. पाहुणे घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यांच्यावर पुन्हा येतं.

काही संध्याकाळी तर प्रश्नच मिटतो. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास त्या मतदारसंघात दारूविक्री बंद असते. २०२४मध्ये लोकसभेचे राज्यातले पाचही टप्पे, १९ एप्रिल ते २० मे, नेमके आयपीएलच्या हंगामात आले. त्या दिवसांत मतदारसंघाच्या हद्दीपलीकडच्या बारवर गाड्या का दिसत होत्या, हे पोलिसांनाही ठाऊक होतं. वर्धा आणि गडचिरोलीत तर जिल्हाभर बंदी. तिथे मॅच घरच्याच टीव्हीवर.

बायका या सगळ्यात कुठे असतात? फॅमिली रूममध्ये. वेगळा जिना, वेगळं दार, ट्यूबलाइटचा स्वच्छ उजेड, आणि मेनूकार्ड तेच असलं तरी शेवटची दोन पानं काढून टाकलेली. क्रिकेट पाहणाऱ्या मुली घराघरात आहेत. विश्वचषकाच्या वेळी तर आजीलाही धावसंख्या पाठ असते. पण फॅमिली रूममध्ये टीव्ही असला तर छोटा, आणि त्याचा रिमोट काउंटरवर. मला ही गोष्ट खटकते. बारमालकाला विचारलं की तो म्हणतो, “मॅडम लोक जेवायला येतात हो, मॅचला नाही.” मोठा पडदा तिथे लावून कुणी पाहिलं आहे का, यावर तो हसतो.

अलीकडे महामार्गालगत ‘स्पोर्ट्स लाउंज’ नावाचे उघडे हॉल निघालेत : आडोसे नाहीत, प्रोजेक्टर, भिंतीवर बॅट टांगलेली. पुण्या-मुंबईहून गावी आलेली पोरं तिथे रमतात. गावातला दुकानदार, ग्रामसेवक, पतसंस्थेचा संचालक तिथे पाच मिनिटंही टिकत नाही. त्याला केबिन हवी, आणि केबिनमधून पडदा दिसत नाही. आमच्या ओळखीच्या मालकांनी यावर तोड म्हणून प्रत्येक केबिनमध्ये छोटा टीव्ही बसवला, वायफायवर, ॲपवरून सामना. हॉलमधला मोठा टीव्ही डिशवरच राहिला. ॲपवरचं चित्र डिशपेक्षा काही सेकंद मागे धावतं, हे त्यांच्या ध्यानात पहिल्याच रात्री आलं. केबिनमध्ये गोलंदाज धावत निघायचा आणि हॉलमधून ‘आउट’चा गलका उठायचा. केबिनवाले एक-एक करून काउंटरवर आले. त्यांतला एक, एरवी तोंडाला रुमाल बांधून येणारा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शेठ, केबिनचे पैसे जास्त घेता आणि मॅच शिळी दाखवता?” मालकांनी दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला, एकाच डिशची वायर सगळ्या केबिनमध्ये फिरवली, आणि तो खर्च कोल्ड्रिंकच्या भावात पाच-पाच रुपयांनी वसूल केला.