सरपंच निवडण्याआधी मिठाचं पाणी करा

मंडळी, भाताचं बी रोपवाटिकेत टाकण्याआधी काय करायचं, हे आता मावळात कुणाला सांगायला नको. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बी सोडायचं. पोचट बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं. तळाला बसलेलं भरीव बी चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. पोत्यात असताना सगळं बी सारखंच दिसतं. खरं काय ते पाण्यात कळतं.

एका हंगामाच्या बियाण्यासाठी आपण एवढी खटपट करतो. मग पाच वर्षांसाठी सरपंच निवडताना अशी परीक्षा का घेत नाही?

निवडणूक लागली की बेडसे असो, करुंज असो, नाहीतर कामशेतच्या बाजारातली चहाची टपरी असो, चर्चा एकाच वळणानं जाते. एक जण म्हणतो, "मानूस लई चांगला हाये. अर्ध्या रात्री गाडी काढतो." दुसरा म्हणतो, "चांगला असंल, पर त्याची भावकी कोन ते बघा." तिसरा हळूच पिण्याखाण्याचा विषय काढतो. सप्त्याला पंगत कुणी दिली, पोरांना क्रिकेटचं किट कुणी आणलं, लग्नाला कोण आलं नाही, सगळ्याचा हिशेब निघतो. मात्र निवडून आल्यावर तो माणूस पाण्याचं काय करणार, कचऱ्याचं काय करणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. विचारलंच तर "विकास करनार" असं उत्तर मिळतं आणि आपणही मान डोलावतो.

मी शेती खात्यातला माणूस. कुणाचा प्रचार करणं माझं काम नाही आणि नोकरीच्या नियमातही ते बसत नाही. पण बी कसं पारखायचं हे सांगणं माझं काम आहे. त्या नात्यानं चार गोष्टी मांडतो.

सरपंच आता थेट तुमच्या मतावर

पूर्वी आपण सदस्य निवडायचो आणि सदस्य सरपंच निवडायचे. २०१७ साली कायदा बदलला आणि सरपंचाची निवड थेट मतदारांकडे आली. २०२० मध्ये ती पद्धत बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. देशाच्या राष्ट्रपतीलाही आपण थेट मत देत नाही, पण गावच्या सरपंचाला देतो. सरपंच चुकीचा निघाला तर "सदस्यांनी घोळ केला" असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

शिवाय थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते. म्हणजे पेरलेलं सहजासहजी उपटता येत नाही. जी काय पारख करायची ती पेरणीआधीच.

चारित्र्य कोणतं बघायचं?

चारित्र्य बघूच नये असं मी म्हणत नाही. ते पहिलं बघावं. पण कोणतं? घरातल्या भांडणाच्या ऐकीव गोष्टी म्हणजे चारित्र्य नव्हे. लोकांचा पैसा आणि लोकांची जागा हाताशी आली की माणूस कसा वागतो, ते गावाच्या कामाचं चारित्र्य.

याची एक किमान रेघ कायद्यानंच ओढून दिली आहे. ग्रामपंचायतीचा कर थकवणारा किंवा सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा माणूस अपात्र ठरू शकतो. उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचं घोषणापत्र द्यावं लागतं. ते कागद बघायला मिळतात, पण बघतं कोण? अर्ध्या रात्री गाडी काढणारा माणूस चांगलाच. पण आधी पदावर असताना त्यानं ग्रामसभा घेतल्या का, जमाखर्च वाचून दाखवला का, विरोधातल्या वस्तीचा नळ चालू ठेवला का, हेही विचारा. गाडी स्वतःची असते, पण पंचायतीचा पैसा सगळ्यांचा असतो.

आणि जागा महिलेसाठी राखीव असली की एक मोठी चूक होते. राज्यात पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण टपरीवर चर्चा चालते ती तिच्या नवऱ्याच्या स्वभावाची. उमेदवार ती आहे, सही तिची लागणार आहे. तर प्रश्न ताईंना विचारा आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून ऐका. बचत गटाचं पुस्तक चोख ठेवणाऱ्या बाईला पंचायतीचा हिशेब जड जात नाही.

धोरण म्हणजे काय?

धोरण हा शब्द मोठा वाटतो. पण कुठलं काम आधी, कुठलं नंतर, पैसा कुठून आणि त्रास कुणाला, एवढ्याचंच नाव धोरण.

आपल्याकडे जुलैत पाऊस थांबत नाही आणि उन्हाळ्यात डोंगराकडच्या वाडीवर पाण्याची ओढ लागते. मग उमेदवाराला नेमकं विचारा, झरे आणि विहिरी जपणार की टँकरची वाट बघणार? शेतजमिनीचे तुकडे होऊन फार्महाऊस उभे राहताहेत. बांधकाम परवानगीत पीएमआरडीएचा हात असतो. पण घरपट्टी, पाणी आणि कचरा हे पंचायतीच्या दारात येतं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचा कचरा ओढ्यात जाऊ नये म्हणून काय करणार?

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात पंचायतीच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. उरलेल्या चाळीस टक्क्यांत गाव आपली निकड ठरवू शकत होतं. तुमच्या गावात ती कुणी ठरवली? ग्रामसभेनं की दोघा-तिघांनी? ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च बघता येतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला मोबाईलवर काढायला सांगा.

पंचायतीच्या हातात काय नाही, हेही उमेदवारानं सांगावं. पवना धरणाच्या बंदिस्त जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. मावळ ते विसरलेला नाही. असे प्रश्न एकटा सरपंच सोडवू शकत नाही. पण गावाचं म्हणणं ठरावात लिहून वर पाठवणं त्याच्या हातात असतं. "मी एकटा सगळं करतो" म्हणणाऱ्यापेक्षा "एवढं माझ्या हातात आहे, एवढं नाही" असं सांगणारा मला जास्त भरीव वाटतो.

दोन गावांचा धडा

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना ऐकून माहीत आहे. पाऊस आपल्या मानानं अगदीच थोडा. १९८९ च्या सुमारास गावानं शिकलेल्या तरुणाला, पोपटराव पवारांना, बिनविरोध सरपंच केलं. माणूस चांगला होता हे खरंच. पण गाव उभं राहिलं ते कडक नियमांवर. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळी नाही, झाडतोड नाही, मोकाट चराई नाही. हे नियम पाळताना प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलं. चारित्र्य होतं म्हणून लोकांनी ऐकलं आणि धोरण होतं म्हणून पाणी साठलं. एकट्यानं दोन्ही झालं नसतं. त्याच गावात जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांनी निवडणूक झाली. पवारांच्या गटानं सगळ्या जागा जिंकल्या. मतदान झालं म्हणून गाव काही मोडलं नाही.

दुसरं उदाहरण त्याच महिन्यातलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाल्याचं दिसून आलं आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. उमराण्याला बोली मंदिरासाठी होती. देवाचं काम वाईट कोण म्हणेल? पण बोली लावून खुर्ची घेतलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा हक्क गाव त्याच दिवशी घालवून बसतं. बिनविरोध करायचं तर बोलून, विचारून करा. बोलणं टाळण्यासाठी करू नका.

भांडण नको, वाद हवा

आमच्याकडे आजोबा मंडळी म्हणतात, "इलेक्शन दोन दिसांची, बांध जन्माचा." खरं आहे. ज्याच्याशी आज वाद घातला त्याच्याकडेच लावणीला इर्जिक सांगायची असते. म्हणून वाद घाला, पण कामावर घाला. सगळ्या उमेदवारांना देवळाच्या सभामंडपात एकाच संध्याकाळी बोलवा. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी कुठली दोन कामं? पैसा कुठून? हिशेब कधी आणि कुठं वाचणार? उत्तरं वहीत लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. जो सही करायला कचरतो तो पाण्यावर तरंगला असं समजा.

लिहून ठेवण्याची रीत आपल्याच डोंगरात जुनी आहे. बेडसे लेण्यांत पाण्याच्या टाक्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. महाभोजाची मुलगी महारठिनी सामडिनिका हिनं ते दान दिल्याचं त्यात कोरलंय. कुणी दिलं आणि काय दिलं, एवढंच. टाकं समोर आहे, ज्याला वाटेल त्यानं जाऊन बघावं.

आपल्या सरपंचाचं काम पाच वर्षांनी असं बोट दाखवून सांगता येईल का, हे मत देण्याआधी विचारा. वही मात्र जपून ठेवा. पुढच्या निवडणुकीला तीच मिठाचं पाणी होईल.