अख्खं शहर मावेल एवढं स्टेडियम

७ मे २००० च्या संध्याकाळी पॅरिसलगतच्या स्ताद द फ्रान्समध्ये फ्रेंच चषकाचा अंतिम सामना होता. स्टेडियमची क्षमता सुमारे ८० हजार. मैदानात उतरलेला एक संघ होता कॅलेचा, आणि इंग्लिश खाडीवरच्या या बंदराची तेव्हाची लोकसंख्या होती जेमतेम ७७ हजार. घराघराला कुलूप लावून सगळं शहर आलं असतं, तरी काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या!

कॅलेचा संघ चौथ्या श्रेणीतला. कुणी गोदीत कामाला, कुणाचं दुकान, कुणी कचेरीत, कुणी शाळेत शिकवणारा. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून सराव करायचा. समोर नाँत, आदल्याच वर्षी हा चषक जिंकलेला व्यावसायिक संघ. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यापासून चौथ्या श्रेणीतला संघ अंतिम फेरीत पोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

मुळात ही स्पर्धाच अजब आहे. १९१७-१८ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना ती सुरू झाली आणि १९१५ मध्ये आघाडीवर मारल्या गेलेल्या शार्ल सिमों या क्रीडा-संघटकाचं नाव तिला दिलं गेलं. दार सगळ्यांना उघडं. खेड्यातल्या चर्चमागच्या मैदानावर खेळणारे क्लबही नाव नोंदवतात, आणि नोंदवणाऱ्यांची संख्या हजारांत जाते. हिंदी महासागरातल्या रियुनियनचे, कॅरिबियनमधल्या मार्टिनिकचे, थेट पॅसिफिकमधल्या ताहितीचे संघही यात असतात. आधी स्थानिक फेऱ्या, मग हळूहळू वरच्या श्रेणींचे क्लब दाखल होतात. बडी धेंडं येतात ती शेवटचे ६४ संघ उरल्यावर. हरला की घरी.

आता थोडं गणित. समजा, दुबळ्या संघाने तगड्याला बाद करण्याची शक्यता पाचात एक आहे. असे चार तगडे संघ ओळीने बाद करण्याची शक्यता झाली ६२५ मध्ये एक. आकडा अंगावर येतो खरा. पण दरवर्षी शेकडो छोटे क्लब हा डाव लावतात, आणि वर्षानुवर्षं लावतात. कधी ना कधी कुणाला तरी तो लागायचाच. कुणाला, ते मात्र गणित सांगत नाही.

शिवाय फुटबॉल हा कंजूष खेळ आहे. कबड्डीच्या सामन्यात दोन्हीकडचे मिळून साठ-सत्तर गुण होतात. चार गुण नशिबाने गेले तरी सरस संघ शेवटी सरस ठरतो. फुटबॉलमध्ये ९० मिनिटांत दोन-तीन गोल. कुणाच्या तरी नडगीला लागून चेंडू जाळ्यात गेला की निकालच फिरतो. ३४ सामन्यांच्या लीगमध्ये असले अपघात एकमेकांना खाऊन टाकतात. बाद फेरीत त्यांना तेवढी सवडच मिळत नाही.

कॅलेची वाटचाल पाहिली की हे डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यांनी चार व्यावसायिक संघ बाद केले. लीलविरुद्ध १-१ बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. कानविरुद्धही तेच. पहिल्या श्रेणीतल्या स्ट्रासबूरला मात्र त्यांनी २-१ असं ठरलेल्या वेळेतच हरवलं. उपांत्य फेरीत आला बोर्दो, म्हणजे खुद्द फ्रेंच लीगचा गतविजेता. कॅलेचं स्वतःचं मैदान एवढ्या मोठ्या सामन्याला पुरणारं नव्हतं, म्हणून लाँसचं स्टेडियम घेतलं. ९० मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत कॅलेचा गोल, बोर्दोची बरोबरी, आणि पेनल्टी शूटआउट होणार असं वाटत असतानाच कॅलेचे आणखी दोन गोल. ३-१. चार सामन्यांपैकी तीन ९० मिनिटांत सुटलेच नाहीत! दुबळ्याचं खरं शस्त्र तेच असतं: सामना लांबवायचा, बरोबरीत अडकवून ठेवायचा. याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही. प्रशिक्षक लादिस्लास लोझानो यांच्या संघाकडे बचाव करण्याची अफाट चिकाटी होती.

अंतिम सामन्यात ३४ व्या मिनिटाला जेरोम द्युतीत्रने गोल केला आणि मध्यंतराला कॅले चक्क १-० ने पुढे होता. उत्तरार्ध सुरू होताच आंत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. मग सामना पुन्हा त्याच ओळखीच्या वळणावर, जादा वेळेच्या उंबरठ्यावर आला. अगदी शेवटच्या मिनिटाला पंचांनी नाँतला पेनल्टी दिली. माझ्या मते ती जरा उदार हातानेच दिली. सिबिएर्स्की चुकला नाही. २-१.

त्यानंतर जे घडलं ते धावफलकात सापडत नाही. नाँतचा कर्णधार, गोलरक्षक मिकाएल लांद्रो, तेव्हा २१ वर्षांचाही नव्हता. चषक घ्यायला जाताना त्याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला सोबत घेतलं आणि दोघांनी मिळून चषक उंचावला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या हाती चषक दिल्याचं असं दृश्य एरवी कुठे दिसतं?

कॅलेचा तो क्लब पुढे कर्जात बुडाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. कॅलेच्या त्या अंतिम सामन्यानंतर २०१२ मध्ये क्वेव्हिली आणि २०१८ मध्ये ले एर्बिए हे तिसऱ्या श्रेणीतले क्लब अंतिम फेरीत पोचले, दोघेही हरले. पहिल्या श्रेणीबाहेरच्या क्लबने चषक जिंकल्याची उदाहरणं दोनच, १९५९ मध्ये ल आव्र आणि २००९ मध्ये गँगाँ, आणि ते दोघेही दुसऱ्या श्रेणीतले. तेव्हा यंदा फ्रेंच चषक बघणार असाल तर अंतिम सामन्यापर्यंत थांबू नका. नव्या वर्षाच्या आसपास, बडे क्लब दाखल होतात ती ६४ संघांची फेरी बघा. खरी गंमत तिथेच आहे.