आगोट आणि स्पंजची पट्टी

अलिबागजवळच्या आमच्या गावात मेच्या शेवटच्या आठवड्यात घरोघरी आगोट चालू असते, पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून त्याआधी सोडे, बोंबील, कडवे वाल, मसाला सगळं भरून व्हायला हवं. बरण्या आणि पत्र्याचे डबे आहेतच. गेली चार वर्षं त्यांच्या जोडीला घरगुती व्हॅक्यूम सीलर आहे. कालचा शनिवार त्याच्याच पायी गेला.

सकाळी ६:००

रात्री घरात घेतलेले सोडे पुन्हा अंगणात पसरले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून एकेक उचलून बघत होत्या. "कानाशी धरून मोड. आवाज आला पाहिजे." मी मोडला. वाकला आणि मग तुटला, आवाज आला नाही. म्हणजे अजून एक ऊन हवं. पिशवीतली हवा मशीन काढेल, सोड्यातलं पाणी नाही काढणार. ओलसर सोडा कितीही घट्ट बांधला तरी आतून खराब होतोच.

सकाळी ८:३०

काम सुरू करण्याआधी मी नेहमी रिकाम्या पिशवीवर चाचणी घेते. पिशवीचं एक तोंड सील करून ठेवायचं, दुसरं झाकणाखालच्या खाचेत सरकवायचं आणि बटण दाबायचं. पिशवी अंगाला चिकटत जाते तसा पंपाचा आवाज जड होतो. काल तो जड झालाच नाही. पंप एकाच सुरात घरघरत राहिला आणि पिशवी फुगलेलीच.

पंप चालतोय आणि आवाज बदलत नाही, याचा अर्थ हवा कुठून तरी आत येते आहे. झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळहात टेकवून जोर दिला आणि पुन्हा बटण दाबलं. लगेच आवाज जड झाला, पिशवी चपटी झाली. म्हणजे पंप शाबूत होता, दोष स्पंजच्या पट्टीत होता. खाचेभोवती खाली एक आणि झाकणात एक अशा दोन पट्ट्या असतात, झाकण मिटलं की त्या एकमेकींवर दबून हवेची वाट बंद करतात. झाकणातली पट्टी एका बाजूने चेपली होती आणि खालच्या पट्टीवर मिरचीपुडीचा थर होता. मागच्या वेळी मसाला भरल्यावर कुणीतरी मशीन झाकण लॉक करून कपाटात ठेवलं होतं. पट्टी वर्षभर दाबाखाली राहिली, की तिची उभारी जाते.

प्लग काढला. दोन्ही पट्ट्या हलक्या हाताने सोडवून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून धुतल्या, पिळल्या नाहीत. फडक्यावर दाबून पाणी टिपलं आणि पंख्याखाली ठेवल्या. चेपलेली पट्टी परत बसवताना मी उलटी बसवते, न दबलेली बाजू वर येते आणि ती आणखी एक हंगाम काढते. खाचही कोरड्या फडक्याने पुसली. या खाचेत मिठाचं पाणी राहू द्यायचं नाही. किनाऱ्यावरच्या घरांत लोखंड कसं गंजतं हे वेगळं सांगायला नको, आणि आत पंपाच्या नळीपर्यंत पोचलेलं खारं पाणी मला बाहेरून काढता येत नाही.

सकाळी १०:३०

पट्ट्या वाळेपर्यंत दुसरं काम. सील करणाऱ्या तारेवर टेफ्लॉनची टेप असते, म्हणून तापलेलं प्लॅस्टिक तारेला चिकटत नाही. आमची टेप मधोमध तपकिरी पडून करपली होती. तिथेच सील कधी चिकटून फाटायचं, कधी अर्धवट राहायचं. ह्यांनी मुंबईहून टेप आणून ठेवलेली. जुनी सोलली, खालचा गोंद स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, नवी एका दमात, सुरकुती न पडू देता लावली. सुरकुती राहिली तर तिचाच छाप प्रत्येक सीलवर उमटतो आणि हवा तिथूनच आत शिरते.

दुपारी १२:००

पुन्हा चाचणी. पंपाचा आवाज जड झाला. मला फार बरं वाटलं.

मसाल्यापासून सुरुवात. पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला कॉलरसारखं दुमडून भरायचं, म्हणजे सील होणाऱ्या भागाला पूड लागत नाही. वर चार बोटं जागा रिकामी आणि मसाल्यावर स्वच्छ मलमलीची घडी, नाहीतर पंप हवेबरोबर पूडही ओढतो. तोंड तरीही एकदा कोरड्या कापडाने पुसायचं. मशीन बिघडलं म्हणून शेजारणी मला बोलावतात तेव्हा दहात आठ वेळा मशीन ठीक असतं, पिशवीच्या तोंडाला तेल, पीठ किंवा ओल असते. नाहीतर पिशवी गुळगुळीत असते. या मशीनला आतून खडबडीत नक्षीची पिशवीच लागते, त्या रेघांमधूनच हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवीचे दोन पदर एकमेकांना चिकटले की आतली हवा तिथेच अडकते.

दोन पिशव्यांमध्ये मिनिटभर थांबायचं. घाईत एकामागून एक काढल्या की तार तापत जाते आणि सहाव्या-सातव्या पिशवीला प्लॅस्टिक वितळून पातळ होतं.

दुपारी ३:००

सोडे आता टणक आवाजात मोडायला लागले. तरी लगेच भरले नाहीत, सावलीत निवू दिले. उन्हातला गरम सोडा बंद केला की आत दव धरतं. बोंबलांची टोकं कात्रीने कापली आणि त्यांना कागदात गुंडाळून मग पिशवीत घातलं. हवा निघाल्यावर बाहेरची हवा पिशवीच्या दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोहून जास्त भाराने दाबते, त्या दाबाखाली काटा प्लॅस्टिकमधून आरपार जातो. आमसुलं मात्र बरणीतच. त्यांचा खारट रस थेट पंपात जाईल. पांढऱ्या कांद्याच्या वेण्याही माळ्यावर टांगलेल्याच राहतील. कच्चा कांदा कोंडला की घामेजतो आणि सडतो.

दुपारी ४:१५

धाकटी जाऊ वाटीभर ओली लसणाची चटणी घेऊन आली, तेलात परतलेली. "ताई, हीपण बंद करून द्या ना, कपाटात ठेवते. हवाच नाही तर खराब कशी होईल?"

या प्रश्नाला मी हातातलं काम ठेवून उत्तर देते. हवा गेल्याने बुरशी आणि खवटपणा मंदावतो, हे खरं. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला हवा नसलेलीच जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत असतात, लसणाबरोबर घरात येतात, साध्या परतण्याने मरत नाहीत. ओल, तेलाखाली कोंडलेली जागा, आंबटपणा नाही आणि खोलीतलं तापमान, एवढं मिळालं की ते विष तयार करतात, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. तिची चटणी मी छोट्या पिशव्यांत भरली आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवली. लागेल तेवढी एकेक काढून, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपव म्हटलं. सुरमईच्या तुकड्या आधी ताटलीत दोन तास गोठवून मग बंद केल्या, म्हणजे पाणी पंपात जात नाही. त्या वितळवताना पिशवी आधी फोडायची आणि फ्रिजमध्येच वितळवायच्या, हेही तिला सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी ७:१५

सील दुधाळ दिसायला लागलं. चांगलं सील काचेसारखं पारदर्शक, एकसारखं असतं. पिशवी पुसली, तार निवू दिली, तरी तेच. मग फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर बाहेरून येणारा व्होल्टेज पाहिला: १९०. आमच्या मशीनमध्ये तार तापण्याची वेळ ठरलेली आहे आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० मिळाले तर उष्णता दोन-तृतीयांशच उरते. संध्याकाळी गावभर पंखे आणि पंप चालू असतात, त्यात मशीनचा काही दोष नाही. हातातल्या तीन पिशव्यांना बोटभर अंतरावर दुसरं सील दिलं आणि उरलेले वाल सकाळवर ठेवले.

रात्री ९:३०

दुपारच्या पिशव्या एकेक दाबून पाहिल्या. बोंबलाची एक सैल झाली होती. घमेल्यातल्या पाण्यात बुडवून दाबली, तर कोपऱ्यातून बारीक बुडबुडे आले. कागदातूनही एक काटा निसटला होता. पिशवी फोडली, बोंबील ताटात काढले. मशीन पुसलं, झाकण लॉक न करता नुसतं टेकवून ठेवलं.

आईंनी ताट ओढून घेतलं. "हे आता बांधू नको. उद्या वांगं घालून करते."